सांचो पांझा साइडकिक नव्हे

साइडकिक सगळ्यांना ओळखीचा: नायकाच्या मागे चालतो, प्रश्न विचारतो, हशा पिकवतो, वेळेला धावून येतो. त्यावर जास्त बोलायला नको. घोळ होतो तो फॉइलबाबत, म्हणजे ज्याच्याशी घासून नायकाचा स्वभाव उठून दिसतो त्या पात्राबाबत. सर्व्हान्टेसच्या ‘डॉन क्विक्झोट’ या स्पॅनिश कादंबरीतला, स्वतःला शूर सरदार समजणाऱ्या क्विक्झोटचा नोकर सांचो हे फॉइलचं ठळक उदाहरण, तरी ‘वेड्या सरदाराचा गमत्या नोकर’ म्हणून त्याची बोळवण होते. एक हाडकुळा, दुसरा ढेरपोट्या. एक घोड्यावर, दुसरा गाढवावर, हे फरक चित्रकारांच्या कामाचे.

फॉइल म्हणजे नायकाच्या नेमका उलट, म्हणून सांचोला भ्रम नाही, असं लोक धरून चालतात. इथेच फसतात. क्विक्झोटला जे राक्षस वाटतात त्या पवनचक्क्यांना तो पवनचक्क्याच म्हणतो, कबूल. पण बायकोपोरं सोडून निघालाय कशासाठी? बेटाची सुभेदारी मिळेल म्हणून! त्याचा हिशेब पक्का, पण ज्या आश्वासनावर तो मांडलाय तेच हवेतलं. साइडकिकला नायकाच्या यशापलीकडे काही नको असतं. फॉइलला स्वतःचं काहीतरी हवं असतं, आणि त्या हव्यासावर घासून नायकाचा ध्येयवाद कसा आहे ते कळतं.

1615 साली आलेल्या दुसऱ्या भागाचा दहावा अध्याय काढा. दुल्सिनियाला, म्हणजे क्विक्झोटच्या कल्पनेतल्या प्रेयसीला, शोधायची कटकट टाळायला सांचो गाढवांवरून येणाऱ्या तीन खेडवळ मुलींपैकी एकीलाच दुल्सिनिया ठरवतो आणि खुशाल गुडघे टेकतो. क्विक्झोटला मात्र दिसते साधी, नकट्या नाकाची मुलगी. वर लसणाचा भपकारा. तो समजतो, कुणा जादूगाराने दुल्सिनियाला मंतरलंय. म्हणजे डोळे धन्याचे शाबूत, थाप नोकराची. सांचो निव्वळ ‘वास्तवाचा आवाज’ असता तर हा प्रसंग लिहिताच आला नसता. पुढे एक डचेस, म्हणजे बड्या उमरावाची बायको, सांचोला पटवून देते की मुलगी खरंच मंतरलेली होती, फसलास तूच. आणि हा पठ्ठ्या ते मानतो!

ओळखायची रीत पुस्तकातच आहे. सांचो येतो पहिल्या भागाच्या सातव्या अध्यायात. क्विक्झोटची पहिली स्वारी एकट्याची. तिथे त्याचं वेड दिसतं, पण ते कुणाशी घासत नाही. साइडकिक वगळला तर सोय जाते. फॉइल वगळला तर नायकच सपाट होतो.

आणि हा घासण्याचा व्यवहार रोकडाही असतो. दुल्सिनियावरची जादू उतरायला सांचोने स्वतःला 3300 फटके मारून घ्यायचे ठरतं. तो धन्याकडे फटक्याला पाव रियाल (जुनं स्पॅनिश नाणं) भाव लावतो, एकूण 825 रियाल. मग अंधारात सहा-आठ स्वतःला मारतो आणि उरलेले झाडांना.