जेम्सटाऊनचा किल्ला नदीने गिळलेला नाही
अमेरिकेत मुलीकडे गेलेले आई-बाबा जेम्सटाऊन पाहून येतात आणि सांगतात, ‘खरा किल्ला केव्हाच नदीत गेला, आता आहे ती नक्कल.’ निम्मी दंतकथा, निम्मा पत्त्याचा घोळ.

1607 मध्ये इंग्रजांनी व्हर्जिनियात जेम्स नदीकाठी लाकडी त्रिकोणी किल्ला उभारला. काठ ढासळत होता हे खरं. त्यामुळे किल्लाही पाण्यात गेला, असं अभ्यासकही धरून चालले होते. 1994 मध्ये पुरातत्त्वज्ञ विल्यम केल्सो यांनी चर्चच्या जुन्या मनोऱ्याजवळ खणायला घेतलं आणि मातीत ओळीने काळपट गोल डाग दिसू लागले. चरात उभे रोवलेले ओंडके कुजले, की त्यांच्या जागी अशी गडद माती उरते. डाग जोडत गेल्यावर तटबंदीच उमटली. नदीने नेला होता तो जेमतेम एक कोपरा!

मग नक्कल कुठली? ती शेजारच्या जेम्सटाऊन सेटलमेंट या वेगळ्या संग्रहालयातली. तिथली तीन जहाजंही प्रतिकृतीच (पण झकास), तेव्हा तिकीट काढताना पाटी नीट वाचा. मूळ जागेवरचं संग्रहालय 2006 मध्ये उघडलं. तिथे 1609-10 च्या उपासमारीत मेलेल्या साधारण 14 वर्षांच्या मुलीची कवटी आहे. भुकेल्या माणसांनी तिचं प्रेत खाल्ल्याचा हा पुरावा. कपाळावर चार उथळ घाव दिसतात: कवटी फोडण्याचा पहिला प्रयत्न फसल्याच्या खुणा.