युरेनियमच्या मुलखातले कॉलेज

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांकडून संशोधनाची अपेक्षा कोणी फारशी ठेवलीच नव्हती. १९०१ मध्ये इलिनॉय राज्यातल्या जोलिएटला पहिले सरकारी ज्युनियर कॉलेज निघाले ते अवघ्या सहा विद्यार्थ्यांवर, आणि हेतूही साधाच होता: विद्यापीठाची पहिली दोन वर्षे मुलांना घराजवळ शिकता यावीत. १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या उच्च शिक्षण आयोगाने ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ केले. १९६० मध्ये कॅलिफोर्नियाने तर आपल्या आराखड्यात सरळ वाटणीच करून टाकली. संशोधन आणि पीएचडी मोठ्या विद्यापीठाकडे, दोन वर्षांचे शिक्षण या कॉलेजांकडे. एकेका शिक्षकाने दर सत्राला चार-पाच वर्ग घ्यायचे म्हटल्यावर प्रयोगशाळेत डोके घालायला वेळ उरणार कुठून? (आपल्याकडे यूजीसीने २०१३ मध्ये याच नावाची योजना आणली, तिचाही रोख कौशल्य अभ्यासक्रमांवरच होता.)

पण काही कॉलेजांपुढे प्रश्नच असे उभे राहिले की संशोधन टाळता येईना. डिने कॉलेज त्यांपैकी एक.

ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत पसरलेला नावाहो लोकांचा मुलूख सुमारे ७० हजार चौरस किलोमीटरचा आहे. हे लोक स्वतःला डिने म्हणवतात. त्यांच्या आधीच्या पिढ्या सरकारी वसतिशाळांत शिकल्या, आणि तिथे मातृभाषेत बोलले की मार बसायचा. अशा समाजाने १९६८ मध्ये स्वतःचे कॉलेज काढले. एखाद्या आदिवासी जमातीने स्वतः चालवलेले अमेरिकेतले हे पहिलेच. तेव्हा त्याचे नाव नावाहो कम्युनिटी कॉलेज होते. वर्ग भरू लागले ते मेनी फार्म्समधल्या एका शाळेच्या आवारात; १९७३ मध्ये कॉलेज त्सायलीला स्वतःच्या जागेत गेले.

कॉलेज निघाले तेव्हा या मुलखात युरेनियमच्या खाणी जोरात होत्या. १९४४ ते १९८६ या काळात अणुबॉम्ब आणि अणुवीज यांसाठी इथून सुमारे ३ कोटी टन खनिज काढले गेले. खाणीत उतरणारे बरेचसे नावाहोच. सुरुंग उडाला की धूळ बसायच्या आत आत शिरायचे, खाणीत झिरपणारे पाणी प्यायचे आणि त्याच धुळीने माखलेल्या कपड्यांत घरी जायचे. ते कपडे बायका लेकरांच्या कपड्यांबरोबरच धुवायच्या. १९५० मध्ये सरकारच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने खाणकामगारांचा अभ्यास सुरू केला. त्यांना वर्षानुवर्षे तपासले, नोंदी ठेवल्या, पण युरेनियमच्या खनिजातून निघणाऱ्या किरणोत्सर्गी रेडॉन वायूमुळे काय धोका आहे हे मात्र त्यांना सांगितले नाही. सिगारेट क्वचितच ओढणाऱ्या या लोकांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे बळी वाढत गेले. भरपाईचा कायदा व्हायला १९९० उजाडले.

म्हणजे संशोधन या मुलखाला नवे नव्हते. ते इथल्या माणसांवर होत असे, आणि कागद बाहेर जात.

न्यू मेक्सिकोतल्या शिपरॉक गावात, सान हुआन नदीच्या काठी, १९५४ पासून १९६८ पर्यंत युरेनियम वेगळे काढण्याचा कारखाना चालला. तो बंद पडला आणि मागे उरला किरणोत्सर्गी चोथ्याचा ढीग. १९८६ मध्ये तो गावाला लागूनच दगडमातीखाली झाकून टाकण्यात आला. त्याआधी, १६ जुलै १९७९ रोजी, न्यू मेक्सिकोतल्याच चर्च रॉक येथे अशाच चोथ्याच्या तळ्याचा बांध फुटून सुमारे ३५ कोटी लिटर दूषित पाणी पुएर्को नदीत गेले होते. थ्री माइल आयलंड या अमेरिकेतल्या अणुवीज केंद्रातली दुर्घटना त्याच वर्षीची. तिथे जितका किरणोत्सर्ग बाहेर पडला त्याहून जास्त इथे पडला. पण एका घटनेचे नाव जगाला पाठ आहे आणि दुसरीचे कुणी घेत नाही.

शिपरॉकला कॉलेजची शाखा आहे. १९९० च्या दशकात तिथे युरेनियमविषयक शिक्षणाचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाला. म्हाताऱ्याकोताऱ्यांना किरणोत्सर्ग त्यांच्या भाषेत समजावून सांगणे आणि पाणी-माती तपासणे, ही त्याची कामे. इथे अनेक घरांना नळ नाही. लोक पिकअपवर टाकी ठेवून पाणी आणतात, आणि कधी कधी ते मेंढ्यांसाठी खोदलेल्या, पवनचक्कीवर चालणाऱ्या विहिरींचे असते. या विहिरींची नियमित सरकारी तपासणी होत नाही. विद्यार्थी नमुना घेतात तेव्हा बाटलीत थोडे नायट्रिक आम्ल घालावे लागते, नाहीतर धातू बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटतात आणि आकडा खोटा येतो. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ३० मायक्रोग्रॅम युरेनियम आणि १० मायक्रोग्रॅम आर्सेनिक ही अमेरिकेतली मर्यादा. काही विहिरी ती ओलांडतात.

दोन निर्णयांनी या कामाला बळ दिले. १९९४ मध्ये आदिवासी कॉलेजांना लँड-ग्रँट दर्जा मिळाला, म्हणजे मोठ्या सरकारी कृषी विद्यापीठांसारखा निधी मागण्याचा हक्क. दुसरा निर्णय मला अधिक मोलाचा वाटतो. १९९६ मध्ये नावाहोंनी स्वतःचे संशोधन परीक्षण मंडळ नेमले. तेव्हापासून इथल्या माणसांवर अभ्यास करायचा तर या मंडळाची परवानगी लागते, निष्कर्ष छापण्याआधी दाखवावे लागतात आणि माहितीची मालकी नावाहो राष्ट्राकडेच, म्हणजे जमातीच्या स्वतःच्या सरकारकडेच, राहते.

याचा उपयोग २०१५ मध्ये दिसला. ५ ऑगस्टला कोलोरॅडोतल्या गोल्ड किंग या बंद खाणीच्या तोंडाशी खुद्द अमेरिकन सरकारच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे पथक खोदत असताना बांध फुटला आणि एक कोटी लिटरहून अधिक धातूमिश्रित पाणी ॲनिमास नदीतून सान हुआनला मिळाले. नदी नारिंगी झाली. शिपरॉकच्या शेतकऱ्यांनी ऐन हंगामात कालवे बंद केले. मका, खरबुजे उभी वाळली. धोका मोजताना सरकारी संस्थेने डोळ्यासमोर धरला होता तो नदीकाठी सहलीला येणारा पर्यटक. पण शिपरॉकचा माणूस त्या पाण्यावर पीक घेतो, मेंढ्या पाजतो, काठावरच्या वनस्पती औषधाला तोडतो, विधींना तेच पाणी नेतो. ॲरिझोना विद्यापीठ, डिने कॉलेज आणि इतर संस्थांनी गावकऱ्यांबरोबर बसून यादी केली, तेव्हा नदीशी संबंध येण्याचे ४० हून अधिक प्रकार निघाले.

या गळतीपोटी अमेरिकन सरकारने २०२२ मध्ये नावाहो राष्ट्राला ३ कोटी १० लाख डॉलर देण्याचे मान्य केले. नव्या युरेनियम खाणींना या मुलखात २००५ पासून बंदी आहे. बंद पडलेल्या ५०० हून अधिक खाणींपैकी बहुतेकांची सफाई मात्र अजून व्हायची आहे.