नागिणीच्या गोळ्या चालू असताना पेनकिलर कोणती घ्यावी?

नागीण उठली की सदरा टेकला तरी जीव कळवळतो. त्यामुळे असायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिरची चिठ्ठी घेऊन आलेले बरेच जण ‘एखादी दुखण्याची गोळीही द्या’ म्हणतात. तेव्हा आम्ही औषध दुकानवाले आधी वय, शुगर आणि बीपीच्या गोळ्या विचारतो. त्याचं कारण असं.

नागिणीच्या या गोळ्या मुख्यतः किडनीवाटे बाहेर पडतात. अंगात पाणी कमी असेल, तर असायक्लोव्हिरचे बारीक स्फटिक किडनीतल्या नलिकांत साचू शकतात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक या पेनकिलर किडनीचा रक्तपुरवठा कमी करू शकतात. तरुण, धडधाकट माणसाला एखाद्या गोळीने सहसा काही होत नाही. पण वयस्कर, मधुमेही, किडनीचा त्रास असलेले किंवा बीपीसाठी लघवीची गोळी घेणारे यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊच नयेत. आणि नागीण जास्त करून उतारवयातच होते.

साध्या पॅरासिटामॉलचं या गोळ्यांशी सहसा वाकडं नाही. मोठ्या माणसाने 650ची एक गोळी, दोन गोळ्यांत किमान सहा तास, दिवसात चारच्या वर नाही. लिव्हरचा आजार, रोजची दारू किंवा वजन फार कमी असेल, तर आधी विचारा.

स्ट्रिप उलटून मागचा मजकूर जरूर वाचा. कॉम्बिफ्लॅममध्ये आयब्युप्रोफेन 400 आणि पॅरासिटामॉल 325 मिलिग्रॅम असतं. झेरोडॉल-पीमधला ‘पी’ म्हणजे पॅरासिटामॉलच, जोडीला अ‍ॅसिक्लोफेनॅक. सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं. नकळत डोस दुप्पट होतो.

हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन 75 चालू असेल, तर ती आपल्या मनाने बंद करू नका. पाणी भरपूर प्या. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर त्यांचंच ऐका. दुखणं थांबलं तरी कोर्स पूर्ण करा.

लघवी कमी झाली, गुंगी आली, भास होऊ लागले किंवा आजी-आजोबा असंबद्ध बोलू लागले, तर म्हातारपण म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, चालू असलेल्या सगळ्या स्ट्रिप बरोबर न्या.

पॅरासिटामॉलने भागत नसेल तर शेजाऱ्यांची गोळी घेऊ नका. नागिणीचं दुखणं नसेचं असतं, त्यावर डॉक्टर वेगळं औषध देतात. त्याचाही डोस किडनी पाहूनच ठरतो, म्हणून क्रिएटिनिनचा (किडनी कशी चालते ते दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट असेल तर त्यांना दाखवा.