जंतू मरतात, प्रथिने उरतात: क्रूझच्या जेवणात वावडे सांभाळताना

क्रूझवर बुफेच्या दारात सॅनिटायझर ठेवलेले असते आणि शेजारचा कर्मचारी हातावर फवारा मारल्याशिवाय कोणाला आत सोडत नाही. ही खबरदारी जंतूंसाठी आहे. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला तिचा काहीही उपयोग नाही. सॅनिटायझरने शेंगदाण्याचे प्रथिन हातावरून जात नाही, फक्त पसरते. नुसत्या पाण्यानेही ते पुरते निघत नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात चोळावे लागतात, किंवा ओल्या वाइप्सनी पुसून काढावे लागतात. तेव्हा बुफेत शिरण्याआधी आणि जेवून उठल्यावर बेसिन गाठायचे. (उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरस या जहाजांवरच्या नेहमीच्या पाहुण्यावरही अल्कोहोलचे सॅनिटायझर कमीच चालते, म्हणजे साबणाचा फायदा दुहेरी.)

क्रूझवरच्या जेवणाचे सगळे मर्म या बेसिनपाशी आहे. जहाजाची स्वच्छता जंतूंविरुद्ध रचलेली असते. अमेरिकी बंदरांना लागणाऱ्या जहाजांची तपासणी तिथली सीडीसी ही संस्था 1970 च्या दशकापासून करत आली आहे. तिच्या नियमांनुसार थंड पदार्थ 5 अंश सेल्सिअसच्या खाली, गरम पदार्थ 57 अंशांच्या वर आणि भांडी शेवटच्या फेरीत सुमारे 82 अंशांच्या पाण्याने धुतलेली हवीत. या तापमानांत जंतू वाढत नाहीत किंवा मरतात. अ‍ॅलर्जी आणणारे प्रथिन मुळात जिवंत नसते, त्यामुळे त्याला मारण्याचा प्रश्नच येत नाही. कोळंबीतले ट्रोपोमायोसिन, माशातले पार्व्हअल्ब्युमिन, दुधातले केसिन ही प्रथिने उकळूनही आपला गुण सोडत नाहीत. शेंगदाणा कोरडा भाजला तर त्याची अ‍ॅलर्जी आणण्याची ताकद उलट वाढते. काही मुलांना केकमध्ये भाजले गेलेले अंडे किंवा दूध सोसते हे खरे, पण त्याची परीक्षा डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायची असते, भर समुद्रात नव्हे. जंतू शिजवून संपवता येतो. अ‍ॅलर्जीचा पदार्थ ताटापासून लांबच ठेवावा लागतो. बाकीची सगळी व्यवस्था या एका फरकातून निघते.

आपल्याकडे ‘वावडे’ हा एकच शब्द चार वेगळ्या गोष्टींना पुरतो, आणि घरात ते चालून जाते. जहाजावर त्या चार गोष्टी वेगवेगळ्या सांगाव्या लागतात. पहिली खरी अ‍ॅलर्जी. शरीराने त्या प्रथिनाविरुद्ध आयजीई प्रतिपिंडे तयार करून ठेवलेली असतात. प्रथिन पोटात गेले की मास्ट पेशी हिस्टामिन आणि इतर रसायने सोडतात आणि काही मिनिटांपासून साधारण दोन तासांत अंगावर गांधी, सूज, उलट्या, श्वास कोंडणे, रक्तदाब कोसळणे असे काहीही होऊ शकते. दुसरी गोष्ट न पचण्याची. लॅक्टेज विकर कमी असले की दुधातली साखर पचत नाही, पोट बिघडते, पण जिवावर बेतत नाही. तिसरी सीलिअ‍ॅक आजाराची. त्यात गहू-जव यांतल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारयंत्रणाच लहान आतड्याच्या अस्तराला इजा करते. त्रास त्याच जेवणात दिसेल असे नाही, पण इजा होतच राहते. चौथी श्रद्धा किंवा पथ्य. वेटरला ‘हे मला चालत नाही’ एवढेच सांगितले तर त्याला यातले कोणते समजावे? न पचणाऱ्या पाहुण्यासाठी तो वरचे चीज काढून ताट परत आणेल, आणि अ‍ॅलर्जीवाल्यासाठी ते ताट घातक ठरेल. म्हणून ‘अ‍ॅलर्जी’ आणि ‘सीलिअ‍ॅक’ हे शब्द स्पष्ट उच्चारायचे, आणि अ‍ॅलर्जी नसेल तर उगाच उच्चारायचेही नाहीत.

‘थोडेसे’ म्हणजे किती, हे आकड्यांतच पाहिलेले बरे. एफएओ आणि डब्ल्यूएचओच्या तज्ज्ञगटाने अन्नातल्या अपघाती अंशासाठी जे संदर्भ-प्रमाण सुचवले, ते शेंगदाण्यासाठी 2 मिलिग्रॅम प्रथिन आणि काजूसाठी 1 मिलिग्रॅम आहे. एका शेंगदाण्यात साधारण 200 मिलिग्रॅम प्रथिन धरले, तर 2 मिलिग्रॅम म्हणजे दाण्याचा शंभरावा भाग. कोळंबीसाठी हेच प्रमाण 200 मिलिग्रॅम आहे, म्हणजे पदार्थागणिक हिशेब बदलतो. ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपर्यंतच ग्लूटेन चालते. सीलिअ‍ॅक असलेल्या बहुतेकांनी दिवसभरात 10 मिलिग्रॅमच्या आत राहावे असे मानतात. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये सुमारे 2 ग्रॅम ग्लूटेन असते, तेव्हा हा त्या स्लाइसचा दोनशेवा भाग झाला. एकाच टोस्टरमध्ये दोन्ही ब्रेड भाजले की एकाचा चुरा दुसऱ्याला लागू शकतो.

तयारी बुकिंगपासूनच सुरू होते. जहाजाचा शिधा मूळ बंदरावर एकदम भरला जातो. समुद्रात गेल्यावर ग्लूटेनमुक्त ब्रेड किंवा सोयाचे दूध आणायला दुकान नसते. म्हणून बहुतेक कंपन्या खास आहाराची मागणी निघण्याच्या कित्येक आठवडे आधी मागतात. यहुदी कोशर जेवणासारख्या मागण्यांना आणखी वेळ लागतो. बुकिंग एजंटला तोंडी सांगून भागत नाही. कंपनीच्या आहार विभागाला लेखी कळवायचे, उत्तर छापून जवळ ठेवायचे. पत्रात पदार्थाचे नाव, प्रतिक्रिया किती तीव्र, अंश चालतो की नाही आणि अ‍ॅड्रिनलिनचे इंजेक्शन जवळ आहे का, एवढे असले की पुरे.

मेनूवरच्या खुणांवर मात्र डोळे झाकून विसंबू नये. खुणा कुठल्या तरी देशाच्या यादीप्रमाणे असतात आणि त्या याद्या सारख्या नाहीत. युरोपीय संघाच्या यादीत 14 पदार्थ आहेत. त्यात मोहरी, तीळ, सेलरी, ल्युपिनसुद्धा येतात. अमेरिकेच्या यादीत 9 आहेत, त्यातला तीळ 1 जानेवारी 2023 पासून आला आणि मोहरी अजूनही नाही. भारताच्या एफएसएसएआयच्या 2020 च्या नियमांतल्या यादीत ना तीळ आहे, ना मोहरी. बेसन, म्हणजे हरभरा, तर तिन्ही याद्यांत नाही. आपल्या फोडणीत मोहरी, चटणीत तीळ आणि भज्यांत बेसन. ज्याला यातल्या एखाद्याची अ‍ॅलर्जी आहे त्याच्यासाठी कोरा मेनू म्हणजे सुरक्षित मेनू नव्हे. त्याने प्रत्येक वेळी तोंडाने विचारलेच पाहिजे.

जहाजावरचा पहिला दिवस सर्वात कच्चा असतो. मोठी बॅग टर्मिनलवरच सोपवावी लागते आणि ती केबिनपाशी कधीकधी संध्याकाळी पोहोचते. पहिले जेवण बहुधा गजबजलेल्या बुफेत होते. म्हणून औषधे, पत्र आणि एका वेळचे सुरक्षित बंद पाकिटातले खाणे खांद्यावरच्या पिशवीत हवे. चढल्यावर पहिले काम म्हणजे मुख्य डायनिंग रूममध्ये जाऊन मेत्र दी, म्हणजे तिथल्या प्रमुखाला भेटणे. रात्रीच्या गर्दीआधी, दुपारीच. रोज तेच टेबल आणि तेच वेटर मिळतील अशी ठरावीक वेळेची बैठक शक्य असेल तर तीच घ्यावी. रोज नव्या माणसाला नव्याने सांगण्यात चूक होण्याची जागा वाढते.

या डायनिंग रूमची सर्वात उपयोगी सोय फारशी जाहिरातीत दिसत नाही. हेड वेटर रात्रीच्या जेवणानंतर दुसऱ्या दिवसाचा मेनू आणून देतो आणि तुम्ही आदल्या रात्रीच निवड सांगता. गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, तुमच्या ताटाची वेगळी चिठ्ठी लागते. सॉस पीठ न घालता वेगळ्या भांड्यात बनतो, मासा स्वच्छ तव्यावर पडतो. अनेक व्यावसायिक स्वयंपाकघरांत अ‍ॅलर्जीच्या ताटासाठी जांभळ्या रंगाच्या चिरण्याच्या फळ्या ठेवतात. ताट आले की आणणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा, ‘हे कोणत्या अ‍ॅलर्जीसाठी बनवले आहे?’ तुमचे उत्तर त्याच्या तोंडून आले पाहिजे; तुम्ही सांगायचे आणि त्याने मान डोलवायची, असे नको. चुकून आलेल्या ताटातून काजू वेचून तेच ताट परत आणले तर नाकारावे आणि नवे मागावे. असे मागण्यात संकोच वाटून घेण्याचे काहीच कारण नाही.

ही व्यवस्था त्या एका डायनिंग रूमपुरती असते. ज्यादा पैसे भरून जायच्या रेस्टॉरंटांत, पूलजवळच्या बर्गरच्या खिडकीवर, रूम सर्व्हिसला पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागते. तळणीचा प्रश्न तर सगळीकडेच. ज्या फ्रायरमध्ये कोळंबी आणि ब्रेडचा चुरा लावलेले तुकडे तळले, त्याच तेलातल्या बटाट्याच्या काड्यांत कोळंबी आणि गहू दोन्ही उतरतात. ‘या काड्यांचा फ्रायर वेगळा आहे का?’ असेच विचारायचे.

बुफेत पदार्थापेक्षा चमचा घात करतो. काजूच्या सॅलडचा चमचा शेजारच्या भांड्यात जातो, आइसक्रीमचा स्कूप एकाच पाण्यात बुचकळला जातो, ऑम्लेट आणि चीजचे सँडविच एकाच तव्यावर होतात. तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर बुफेचे ताट घेऊच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तिथेच जेवणे भाग असेल तर आतल्या शेफला बोलावून न उघडलेल्या ट्रेमधून वाढून मागावे, सालीसकट फळे घ्यावीत. कोळंबीच्या अ‍ॅलर्जीवाल्याने वाफाळत्या कोळंबीच्या काउंटरपासून लांब बसावे; वाफेबरोबर प्रथिनाचे कण हवेत जातात आणि दम्याच्या रुग्णाला त्यांचा त्रास होऊ शकतो.

भारतीय काउंटर दिसले की जीव भांड्यात पडतो, पण अ‍ॅलर्जीवाल्यासाठी तोच कधीकधी जास्त अवघड असतो. कोर्मा, शाही पनीर, बऱ्याच ठिकाणचे मखनी यांच्या रश्शात काजूची पेस्ट विरघळलेली असते. ती दिसत नाही. काजूची अ‍ॅलर्जी असलेल्यांना पिस्ताही बहुधा चालत नाही, कारण दोन्हींची प्रथिने जवळची आहेत. कोशिंबिरीत आणि चटणीत दाण्याचे कूट असते. इंग्रजीत ‘नट्स’ची अ‍ॅलर्जी सांगितली तर ऐकणारा कधी फक्त काजू-बदाम समजतो, कधी फक्त शेंगदाणा. शेंगदाणा ही शेंगवर्गीय वनस्पती, म्हणून दोन्ही नावे वेगवेगळी घ्यावीत. सीलिअ‍ॅकवाल्यांनी हिंगाकडे नीट पाहावे. डबीतल्या हिंगपुडीत बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो, आणि वरण-भात ‘गव्हाशिवायचा’ आहे असे सांगणाऱ्या शेफला हे आठवेलच असे नाही. सोया सॉसमध्येही सहसा गहू असतो.

शाकाहारी आणि जैन प्रवाशांची अडचण वेगळ्या जातीची. पाश्चात्त्य जहाजावर ‘व्हेजिटेरियन’मध्ये अंडे येते, सूपचा पाया हाडांच्या रसाचा असू शकतो, वुस्टरशर सॉसमध्ये बहुधा अँकोव्ही मासे असतात, जेलीत आणि मूसमध्ये जिलेटिन, आणि इटालियन पारमेझान चीज वासराच्या जठरातल्या रेनेट या दूध गोठवणाऱ्या विकरानेच बनते. ‘व्हीगन’ म्हटले तर दूध-अंडे जाते, कांदा-लसूण राहते. म्हणून ‘जैन’ एवढ्या शब्दावर न थांबता कांदा, लसूण, बटाटा, गाजर, बीट, आले अशी नावानिशी यादी द्यावी. मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीपकडे जाणाऱ्या कॉर्डेलियाच्या ‘एम्प्रेस’वर जैन जेवण मिळते; परदेशी जहाजांवर ते आधी मागावे लागते. चौविहार (सूर्यास्तानंतर काही न खाणे-पिणे) पाळणाऱ्यांनी संध्याकाळची पहिली बैठक घ्यावी आणि रोजच्या सूर्यास्ताची वेळ पाहावी. जहाजाचे घड्याळ प्रवासात बदलते. कुकर, इंडक्शन, केटल मात्र नेऊ नये. आगीच्या धोक्यामुळे बहुतेक जहाजांवर ती बॅगेतून काढून घेतात.

आता सर्वात गंभीर भाग. समुद्रावर अ‍ॅनाफिलॅक्सिस (जिवावर बेतणारी तीव्र प्रतिक्रिया) ओळखायला उशीर होण्याचे एक खास कारण आहे: बोट लागणे. उलटी, चक्कर, घाम, पांढराफटक चेहरा ही लक्षणे दोन्हींत येतात. जेवणानंतर दोन तासांच्या आत उलटीबरोबर गांधी, ओठांची सूज, घसा आवळणे, आवाज बसणे, धाप किंवा अचानक गळून जाणे यातले काहीही असेल तर बोट लागली असे समजू नये. बोट लागू नये म्हणून आपण घेतो त्या प्रोमेथाझिनसारख्या गोळ्या अँटिहिस्टामिन असतात. त्यांनी खाज आणि गांधी दबतात, पण श्वास आणि रक्तदाब सांभाळला जात नाही. म्हणजे आधीची खूण पुसली जाते आणि धोका तसाच राहतो. अंगावर काही उठले नाही म्हणून थांबू नये. दारू, आयबुप्रोफेन आणि जेवणानंतरचा व्यायाम यांनीही प्रतिक्रिया भडकू शकते.

उपाय एकच, अ‍ॅड्रिनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत, कपड्यांवरूनही चालते. ऑटोइंजेक्टरमध्ये, म्हणजे ठरलेली मात्रा भरलेल्या टोचायच्या पेनमध्ये, साधारण 30 किलोंवरच्या माणसासाठी 0.3 मिलिग्रॅम आणि 15 ते 30 किलोंच्या मुलासाठी 0.15 मिलिग्रॅम असते. रुग्णाला आडवे करून पाय उंच ठेवावेत, धाप असेल तर टेकवून बसवावे, पण उभे करू नये की चालवत नेऊ नये. 5 ते 15 मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरी मात्रा द्यावी. म्हणून दोन इंजेक्शने हवीत, आणि ती अंगावर हवीत. ‘आयकॉन ऑफ द सीज’सारखे जहाज सुमारे 365 मीटर लांब आणि 20 मजली आहे; जेवणाच्या टेबलावरून केबिनमध्ये जाऊन परत यायला, लिफ्टची वाट धरून, मौल्यवान मिनिटे जातात. भारतात ऑटोइंजेक्टर सगळीकडे सहज मिळत नाहीत. डॉक्टरांशी आधीच बोलून काय न्यायचे आणि कसे टोचायचे ते शिकून घ्यावे. औषध साध्या खोलीच्या तापमानात ठेवायचे. फ्रिजमध्ये नको आणि डेकवरच्या उन्हातल्या पिशवीतही नको. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर अ‍ॅड्रिनलिनचा असर कमी होऊ शकतो, हेही प्रवासाआधी विचारावे.

जहाजाच्या दवाखान्यात अ‍ॅड्रिनलिन, ऑक्सिजन आणि डॉक्टर असतात, पण मोठे रुग्णालय पुढच्या बंदरावर, आणि हेलिकॉप्टर खोल समुद्रात सगळीकडे पोहोचत नाही. बरे वाटल्यावरही काही तासांनी दुसरी लाट येऊ शकते, त्यामुळे लगेच केबिनमध्ये परतायची घाई करू नये. प्रवास विमा काढताना अ‍ॅलर्जी जाहीर करावी. लपवलेल्या आजाराचा दावा नाकारला जातो.

बंदरावर उतरताना जहाजावरचे फळ किंवा सँडविच नेता येईलच असे नाही. बऱ्याच देशांचे कृषी नियम ते अडवतात, बंद पाकीट बहुधा चालते. तिथल्या भाषेत लिहिलेले अ‍ॅलर्जीचे कार्ड सोबत ठेवावे. आणि शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात, त्या सकाळी थेट टर्मिनलवर मिळतात. बॅग बाहेर ठेवण्याआधी दोन्ही इंजेक्शने, डॉक्टरांचे पत्र आणि सकाळच्या नाश्त्याचे पाकीट हातातल्या पिशवीत आले की नाही, ते पाहून घ्यावे.