ऑक्सिजनच्या शेवटच्या मुक्कामावर नजर ठेवणारी अँटिबॉडी

श्वासातून घेतलेल्या ऑक्सिजनचं पुढे होतं काय? त्यातला बहुतेक सगळा एकाच विकरापाशी (एन्झाइमपाशी) संपतो. सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे त्याचं नाव. पेशींतल्या तंतुकणिकांच्या (मायटोकॉन्ड्रियाच्या) आतल्या पटलात ते रुतून बसलेलं असतं. अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे हातोहात सरकत त्याच्यापर्यंत येतात. चार इलेक्ट्रॉन, चार प्रोटॉन आणि ऑक्सिजनचा एक रेणू घेऊन ते पाण्याचे दोन रेणू घडवतं आणि त्याच वेळी आणखी चार प्रोटॉन पटलापलीकडे ढकलतं. पलीकडे साठलेले प्रोटॉन परत येताना एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, तयार होतो. सायनाइड माणसाला मारतं ते इथेच. रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो, पण पेशीला तो वापरताच येत नाही. या विकराच्या शोधाबद्दल ओटो वॉरबर्ग यांना 1931 चं नोबेल मिळालं.

हे विकर एकट्या प्रथिनाचं नाही. सस्तन प्राण्यांत तेरा-चौदा प्रथिनं जुळून ते उभं राहतं. त्यातली तीन, गाभ्यातली, तंतुकणिकेच्या स्वतःच्या डीएनएवरून बनतात. हा डीएनए म्हणजे माणसात जेमतेम 16,569 अक्षरजोड्यांचं एक वर्तुळ. बाकीच्या प्रथिनांचे आराखडे पेशीकेंद्रकात असतात. म्हणजे दोन वेगळ्या ठिकाणांहून आलेले भाग नेमके जुळले तरच विकर चालतं. बिघाड कुठल्या बाजूला आहे हे कळायचं असेल तर प्रत्येक भाग वेगळा ओळखता यायला हवा. इथे अँटिबॉडी लागते, म्हणजे ठरावीक खुणेलाच जाऊन चिकटणारं प्रतिकारशक्तीचं प्रथिन.

एका वेळी एकच खूण ओळखणाऱ्या अँटिबॉडीचा अखंड पुरवठा करण्याची युक्ती केंब्रिजमध्ये ज्यॉर्ज कोलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी 1975 मध्ये दाखवली. उंदराला हवं ते प्रथिन टोचायचं, त्याच्या प्लीहेतल्या अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी घ्यायच्या आणि न थांबता वाढणाऱ्या कर्कपेशींशी त्यांचा संकर करायचा. 1984 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आज या विकराच्या पहिल्या घटकाची (कॉक्स-1) किंवा चौथ्याची (कॉक्स-4) अँटिबॉडी एका छोट्या कुपीत येते. कुपीत बऱ्याचदा जंतू वाढू नयेत म्हणून चिमूटभर सोडियम अझाइड असतं. आणि अझाइड हे याच विकराचं विष आहे! जिवंत पेशींवर अँटिबॉडी वापरायची असेल तर ते आधी काढून टाकावं लागतं, नाहीतर ज्याचा अभ्यास करायचा तेच आपण बंद पाडून बसतो.

सगळ्यात नेहमीचा वापर म्हणजे ब्लॉट. पेशी फोडून त्यांतली प्रथिनं जेलमधून आकारानुसार पळवायची, एका पातळ पांढऱ्या पडद्यावर उतरवायची, मोकळ्या जागा दुधाच्या पावडरच्या पाण्याने झाकायच्या आणि मग अँटिबॉडी सोडायची. शेवटी जिथे ती चिकटली तिथे प्रकाशाची एक बारीक पट्टी उमटते.

कॉक्स-1 च्या बाबतीत ही पट्टी पहिल्यांदा शोधणाऱ्याचा हमखास गोंधळ होतो. जेलवर चढवण्याआधी नमुना पाच मिनिटं 95 अंशांना उकळायचा, ही प्रयोगशाळेतली हाताला बसलेली सवय. पण कॉक्स-1 पटलातून बारा वेळा आरपार जातं, म्हणजे ते पाण्याला टाळणारं आहे. उकळलं की त्याच्या गुठळ्या होतात, त्या जेलमध्ये शिरत नाहीत आणि पडदा कोरा राहतो. पेशीत विकर पुरेपूर असतं, तरी ब्लॉट म्हणतो की नाही. म्हणून हा नमुना नुसता कोमट करायचा. दुसरा चकवा वजनाचा. हिशेबाने हे प्रथिन 57 किलोडाल्टनच्या (प्रथिनांचं वजन मोजायच्या एककाच्या) आसपास असायला हवं, पण पट्टी बरीच खाली, 40 च्या जवळपास दिसते, कारण असली प्रथिनं नमुन्यात मिसळलेला साबण जास्त धरतात आणि जेलमधून वेगाने धावतात. हे ठाऊक नसलेला माणूस खरी पट्टी खोटी समजून टाकून देतो.

मग पट्टी खरी हे ठरवायचं कसं? माझ्या मते याचं सगळ्यात सुंदर उत्तर ‘ऱ्हो-शून्य’ पेशींत आहे. पेशींना बरेच आठवडे इथिडियम ब्रोमाइड या डीएनएला चिकटणाऱ्या रसायनाच्या सौम्य द्रावणात वाढवलं की त्यांचा तंतुकणिकांतला डीएनए नाहीसा होतो. माणसाच्या अशा पेशी किंग आणि अटार्डी या संशोधकांनी 1989 मध्ये तयार केल्या. युरिडिन आणि पायरुव्हेट दिलं तर त्या जगतात, पण कॉक्स-1 बनवूच शकत नाहीत. अशा पेशींच्या नमुन्यातही पट्टी उमटली तर अँटिबॉडी दुसऱ्याच कशाला तरी चिकटते आहे. कॅटलॉगमधल्या गडद पट्ट्यांच्या फोटोपेक्षा मी या पेशींच्या कोऱ्या रकान्यावर जास्त भरवसा ठेवतो.

कॉक्स-4 ची अडचण वेगळी. ‘दोन्ही नमुन्यांत तंतुकणिका सारख्याच आहेत’ हे दाखवायला त्याची पट्टी सर्रास मापासारखी वापरली जाते. पण त्याची दोन रूपं आहेत, आणि ऑक्सिजन कमी पडला की पेशी पहिलं मोडून दुसरं वाढवते. अँटिबॉडी फक्त पहिलं ओळखणारी असेल तर पट्टी फिकी होते आणि तंतुकणिकाच घटल्यासारखं वाटतं. मापच बदललेलं असतं.

या अँटिबॉडीचं खरं मोल दिसतं ते रुग्णाच्या स्नायूच्या कापात. मांडीतून घेतलेला छोटा तुकडा गोठवून त्याचे काही मायक्रॉन जाडीचे काप काढतात. तंतुकणिकांच्या डीएनएत बिघाड असेल तर सगळे स्नायुतंतू सारखे आजारी नसतात, कारण प्रत्येकात चांगल्या आणि बिघडलेल्या प्रतींची सरमिसळ वेगळी असते. म्हणून एकाच कापावर दोन रंगांच्या अँटिबॉडी लावतात, एक कॉक्स-1 ची आणि दुसरी पोरिनची, म्हणजे तंतुकणिकांतल्याच एका प्रथिनाची, ज्याचा आराखडा केंद्रकात असतो आणि जे तंतुकणिका तिथे आहेत एवढं सांगतं. सूक्ष्मदर्शकाखाली पोरिनचा रंग सगळीकडे दिसतो. कॉक्स-1 चा रंगही शेजारशेजारच्या तंतूंत भरलेला असतो, आणि मधेच एक तंतू काळाच राहतो. तंतुकणिका आहेत, पण ऑक्सिजन घेणारं विकर नाही. असे काळे तंतू एकेक करून मोजले जातात.