विषुववृत्ताचा पाऊस ग्वाल्हेरला कसा पोहोचतो

मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा 45 अंश सेल्सिअसच्या घरात जातो, लू म्हणजे उष्ण, कोरडा वारा सुटतो, आणि तरीही पावसाचा ढग दिसत नाही. त्याच दिवसांत विषुववृत्ताजवळच्या सिंगापुरात कमाल तापमान 32 अंशांच्या आसपास असते आणि तिथे दुपारी मुसळधार सरी कोसळत असतात. तापलेली हवा वर जाते आणि पाऊस पडतो, हे शाळेत शिकलेले सूत्र खोटे नाही. पण या दोन शहरांपुढे ते अपुरे पडते.

विषुववृत्तीय प्रदेशावर सूर्यकिरण वर्षभर लंबरूप किंवा त्याच्या जवळपास पडतात, त्यामुळे तो प्रदेश अवकाशात परत सोडतो त्याहून जास्त ऊर्जा मिळवतो. या शिलकी ऊर्जेचा मोठा भाग समुद्राच्या पाण्याची वाफ करण्यात खर्च होतो, आणि खरी मेख इथेच आहे. एक किलो पाण्याच्या वाफेत सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता साठते आणि ढगात त्या वाफेचे पुन्हा पाणी होताना ती भोवतालच्या हवेला मिळते. कोरडी हवा वर चढताना दर किलोमीटरला सुमारे 10 अंशांनी थंड होते आणि लवकरच थबकते. बाष्पाने भरलेली हवा मात्र ही साठवलेली उष्णता मिळत राहिल्याने 15-16 किलोमीटरपर्यंत चढू शकते. हवा वर नेण्याचे हे काम संपूर्ण पट्ट्यात संथपणे होत नसून मोजक्या उत्तुंग गडगडाटी ढगांमधून होते, असे हवामानशास्त्रज्ञ हर्बर्ट रील आणि जोआन माल्कस यांनी 1958 मध्ये मांडले.

वर गेलेली हवा ध्रुवांच्या दिशेने सरकते, उष्णता गमावत जड होते आणि दोन्ही गोलार्धांत 30 अंश अक्षांशाच्या आसपास खाली उतरते. उतरताना दाबली गेल्याने ती तापते, आणि बाष्प आधीच पावसात गेलेले असल्याने ती कोरडी असते. सहाराचे वाळवंट याच उतरत्या हवेखाली आहे. ग्वाल्हेर 26 अंश उत्तर अक्षांशावर असल्याने उन्हाळ्यात तेही तिच्या कक्षेत येते. आपल्या जमिनीवरची हवा उसळते खरी, पण वर ही उतरती हवा झाकणासारखी बसलेली असते आणि ते भेदण्यास लागणारे बाष्प लूमध्ये नसते.

जमिनीलगत ही हवा विषुववृत्ताकडे परतते. ती सरळ दक्षिणेकडे न जाता तिरकी का वाहते, याचा उलगडा पेशाने वकील असलेल्या जॉर्ज हॅडली यांनी 1735 मध्ये केला: विषुववृत्तावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे 1,670 किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरतो, 30 अंशांवर तो वेग 1,450 च्या आसपास असतो, म्हणून उत्तरेकडून येणारी हवा मागे पडून ईशान्य वारा बनते. त्यांच्या गणितात पुढे दुरुस्ती झाली, पण या अभिसरणाला त्यांचेच नाव राहिले.

दोन्ही गोलार्धांचे वारे जिथे एकत्र येतात, तो ढगांचा पट्टा सूर्यामागे उत्तर-दक्षिण सरकतो, आणि भारताच्या रेखांशांवर तो जुलैत 25 अंशांपर्यंत व त्याहीपुढे येतो. दक्षिण गोलार्धातले वारे त्याच्या ओढीने विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतात आणि अरबी समुद्रावरून नैर्ऋत्य वारे म्हणून आपल्याकडे येतात.

जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते म्हणून मान्सून येतो, ही खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली यांनी 1686 मध्ये मांडलेली कल्पना आजही सर्वत्र शिकवली जाते. पण जमीन सर्वाधिक तापते ती पावसाआधी, आणि पाऊस ओढ देतो त्या वर्षी ती अधिकच तापते. भारतीय हवामानशास्त्रज्ञ डी. आर. सिक्का आणि सुलोचना गाडगीळ यांनी उपग्रहांच्या चित्रांवरून 1980 मध्ये दाखवून दिले की, भारतावरचा मान्सूनचा ढगांचा पट्टा गुणधर्मांनी विषुववृत्तीय पट्ट्यासारखाच आहे, आणि हिंदी महासागरावरून असे पट्टे काही आठवड्यांच्या अंतराने उत्तरेकडे येत राहतात. ग्वाल्हेरच्या मे महिन्याचे कोडे मला या विचारानेच सुटलेले दिसते: जमिनीचे तापणे पट्ट्याला ओढून आणण्यास मदत करते, परंतु पावसासाठी तो पट्टा स्वतः, बाष्पासह, यावा लागतो.

हवामान खात्याच्या अंदाजात येणारा ‘मान्सूनचा आस असलेला कमी दाबाचा पट्टा’ तो हाच. जुलैत तो साधारणपणे श्रीगंगानगरपासून प्रयागराजवरून बंगालच्या उपसागरापर्यंत पसरतो, म्हणजे ग्वाल्हेरच्या थोडा उत्तरेकडून जातो. म्हणूनच पट्टा उत्तरेला असला की आपल्याकडे पश्चिमेचा वारा वाहतो आणि तो दक्षिणेला उतरला की पूर्वेचा. तो हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन बसला, तर तराईत अतिवृष्टी होते आणि इथे उघडीप पडून तिघरा धरणात पाण्याची आवक मंदावते. बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे क्षेत्र मध्य प्रदेशाकडे सरकले की पट्टा बहुधा पुन्हा खाली येतो.

सप्टेंबरअखेर तो माघार घेतो आणि वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत तमिळनाडूच्या बाजूला पाऊस देतो. हिवाळ्यात ग्वाल्हेरला पडणारा मावठा मात्र या पट्ट्याचा नव्हे; तो भूमध्य समुद्राच्या बाजूने येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांचा, म्हणजे कमी दाबाच्या प्रणालींचा, पाऊस असतो.