बाबांची उपकारस्तुती : एका नगरी ख्रिस्ती घराची पार्श्वभूमी

बाबा ख्रिस्तवासी झाले त्याला येत्या रविवारी एक वर्ष पूर्ण होईल. त्यांच्या स्मरणार्थ घरी उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवली आहे. शेजाऱ्यांना आमंत्रण देताना या शब्दाचा अर्थ सांगावा लागला. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वर्षश्राद्ध नसते, गेलेल्याच्या आत्म्यासाठी मागणेही नसते. देवाने एक माणूस इतकी वर्षे आम्हांला दिला, याबद्दल त्याचे आभार मानायचे असतात. बाबांची श्रद्धा हीच होती, आणि ती त्यांच्यापर्यंत कशी आली हे नातवंडांना कळावे म्हणून हे लिहीत आहे.

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईत उतरले. अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, मिशनचे ठाणे १८३१ मध्ये सुरू झाले आणि १८४२ साली तेथूनच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागले. आरंभी शहरातील मोजक्याच लोकांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे खेड्यांतून, विशेषतः महार आणि मांग समाजांतून, कुटुंबेच्या कुटुंबे मंडळीत आली. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर हा ओघ वाढला, आणि आमचे पणजोबा त्याच ओघातले. भाकरीसाठी धर्म बदलला, असे आमच्या लोकांना पुष्कळदा ऐकावे लागले. उपाशी माणसाने भाकरी घेतली यात लाजण्यासारखे काही आहे असे मला कधीच वाटले नाही. पण पणजोबांना भाकरीबरोबर पाटीही मिळाली, आणि ती घरात टिकली. गावातला मास्तर आठवडाभर मुलांना अक्षरे शिकवी आणि रविवारी त्याच खोलीत उपासना चालवी. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्यांच्या मुलांनी तेथे शुभवर्तमान स्वतःच्या तोंडाने मोठ्याने वाचले.

बाबांना याहूनही अधिक अभिमान होता तो आपल्या भजनांचा. पाश्चात्त्य चालींवर बसवलेली गीते खेड्यांत रुजणे अवघड होते. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्तचरित्र कीर्तनाच्या घाटात आणले आणि त्यानंतर रेव्हरंड नारायण वामन टिळक आले. कोकणातल्या चित्पावन घरात १८६१ साली जन्मलेल्या या कवीला आगगाडीच्या प्रवासात एका परक्या सहप्रवाशाने नवा करार दिला, त्यातल्या येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाचा ठाव घेतला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांनी शेकडो गीते रचली आणि ख्रिस्ताला मराठी भक्ताच्या बोलीत हाक मारली. बाबा दररोज पहाटे चूल पेटण्याआधी ‘उपासना संगीत’ उघडून त्यांतले एक गीत म्हणत. त्या पुस्तकाला जुन्या दिनदर्शिकेचे कव्हर होते, आणि टिळकांच्या गीतांची पाने इतर पानांपेक्षा जास्त पिवळी पडली होती.

आपल्या वडिलांची आठवण लिहून ठेवावी, ही ओढही मराठी ख्रिस्ती समाजाला टिळकांच्याच घराने लावली. टिळक १९१९ साली वारले. त्यांचे चरित्र लिहावे म्हणून पुत्र देवदत्त यांनी आई लक्ष्मीबाईंना आठवणी लिहून देण्याचा आग्रह धरला, आणि त्यांतूनच ‘स्मृतिचित्रे’ उभी राहिली. बाप्तिस्म्यामुळे या पतिपत्नींची काही वर्षे ताटातूट झाली होती, तेव्हाचे दुःखही लक्ष्मीबाईंनी झाकून ठेवले नाही. वडिलांविषयीच्या कृतज्ञतेतून सुरू झालेले काम इतके खरे होऊ शकते, हे मला फार मोलाचे वाटते.

म्हणून बाबांच्या वाट्याला आलेली अडचणही येथे नोंदवतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. नोकरीच्या उमेदवारीत अनेकांनी बाबांना सुचवले की, कागदावर जुनीच नोंद ठेव, घरात काय मानायचे ते मान. बाबांनी धर्माच्या रकान्यात ‘ख्रिस्ती’ असेच लिहिले, आणि त्यापायी गेलेल्या संधींविषयी आमच्यासमोर एकदाही कुरकुर केली नाही. पगार झाला की दशांश, म्हणजे देवासाठी काढलेला दहावा हिस्सा, आधी वेगळ्या पाकिटात पडे, मग वाण्याचे बिल. सुगीच्या उपकारस्तुतीला ते ज्वारीची पायली आणि एक कोंबडी अर्पण म्हणून घेऊन देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, जात, आणि अर्पणाच्या लिलावात तीच कोंबडी बहुधा स्वतःच दामदुप्पट किमतीला सोडवून आणत. १९७० साली नागपुरात अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली आणि आमच्या देवळाची पाटी बदलली. ज्वारी आणि कोंबडी मात्र पूर्वीसारखीच येत राहिली.

त्यांच्या बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानावर पणजोबांपासूनचे जन्म, बाप्तिस्मे आणि मृत्यू ओळीने नोंदलेले आहेत. शेवटची नोंद गेल्या वर्षी मी केली. खाली त्यांच्याच अक्षरात तीन गीतांचे क्रमांक आहेत, दोन टिळकांच्या आणि एक सांगळ्यांच्या गीताचा, आणि पुढे ‘पेटीबरोबर तबला हवा’ असे लिहिले आहे. रविवारी त्याच क्रमाने गाणार आहोत; तबलजीला सांगून ठेवले आहे.